पुढच्या शॉकअपचं सील पुन्हा गळतंय: नुसतं सील बदलू की पाइपही?

घाटवाटी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे स्प्लेंडर आहे, २०१४ ची, पुढे ड्रम ब्रेक. राहायला चिपळूण, आणि कामासाठी कुंभार्ली घाट चढून पाटणकडे जाणं-येणं नेहमीचं. गेल्या पावसाळ्याच्या आधी गॅरेजमधून पुढच्या दोन्ही शॉकअपची सीलं बदलून घेतली होती. दिवाळीपर्यंत सगळं कोरडं. आता डाव्या बाजूने पुन्हा तेल यायला लागलंय. पाइपवर काळपट चिकट थर बसतो, खाली बॉटम केसवर (पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळीवर) ओघळ येतो, आणि घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढची बाजू पूर्वीपेक्षा जास्त खाली बसते.
गॅरेजवाले म्हणतात, "मागच्या वेळी लोकल सील पडलं असेल, आता ओरिजिनल टाकू." मला ते पटत नाही, कारण उजव्या बाजूलाही त्याच पाकिटातलं सील आहे आणि ती बाजू ठणठणीत कोरडी आहे.
प्रश्न दोन. सील एवढ्या लवकर का जावं? आणि हे काम घरी करता येईल का? माझ्याकडे साधा स्पॅनर सेट, अ‍ॅलन की, टायर लिव्हर आणि हातोडी आहे. खास अवजार काही नाही.

नानापेठी
आधी खरंच गळतंय का ते पक्कं करा. पाइप स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात आठ-दहा वेळा खाली दाबा. पाइपवर हाताला जेमतेम जाणवेल इतकी तेलाची झिलई आली तर ते साहजिक आहे, सीलच्या ओठाला तेवढं तेल लागतंच. पण गोल कडं उमटलं किंवा थेंब जमला तर सील गळतंय.
उजवं-डावं एकाच पाकिटातलं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. मी सीलवर संशय घ्यायच्या आधी पाइप बघितला असता.

सांगलीकर_१२५
डस्ट सील फाटलंय का तेही बघा. वरचं रबर फाटलं की चिखल थेट आत जातो.

तेलकट_हात
घाटवाटी, नानापेठींनी अर्धं सांगितलंय, उरलेलं मी सांगतो. वीसेक वर्षं याच कामात आहे.
सील ही फार साधी वस्तू आहे. रबराची कडी, आत लोखंडी रिंग, आणि पाइपला टेकणाऱ्या ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग. ती स्प्रिंग ओठाला पाइपवर हलकेच दाबून धरते. पाइप गुळगुळीत असेल तर असं सील वर्षानुवर्षं चालतं. पण पाइपवरच्या क्रोमला एखादा खड्डा पडला, गंजाचा एक ठिपका उठला, तर गाडी आपटेल तेव्हा त्या ठिपक्याची धार ओठावरून घासत जाते. रस्त्यावर एका किलोमीटरमध्ये शॉकअप किती वेळा वर-खाली होतो याचा विचार करा. कितीही महागडं सील घाला, ते कापलं जाणारच.
म्हणून आमच्याकडे गळका शॉकअप आला की मी सील बघत नाही, नख बघतो. पाइप पुसायचा, डस्ट सीलपासून वर साधारण वीतभर भागावर नखाचं टोक हलके फिरवायचं, चारही बाजूंनी. नख कुठे अडलं, तर खरा दोषी तिथे आहे. डोळ्याला न दिसणारा खड्डा नखाला लागतो. वर टीच्या (पाइप वर जिथे आवळून धरलेला असतो त्या जोडाच्या) जवळ गंज दिसला तर घाबरू नका, तिथपर्यंत सील जात नाही. सील जिथे घासतं तेवढाच पट्टा महत्त्वाचा.
आणि खास करून समोरची बाजू बघा. पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेली खडी तिथेच लागते.

घाटवाटी
@तेलकट_हात, आत्ताच खाली जाऊन बघून आलो. डाव्या पाइपवर समोरच्या बाजूला, डस्ट सीलच्या चार बोटं वर, तीन ठिकाणी नख अडतंय. एक ठिपका तर आता उजेडात तांबूस दिसतोय. उजवा पाइप एकदम गुळगुळीत.
म्हणजे मागच्या वेळी सील बदलताना हे कोणी बघितलंच नाही.

नानापेठी
झालं, उत्तर मिळालं. ठिपके तसेच ठेवून सील बदललं की सहा महिन्यांनी हाच धागा वर येणार.

झाडीपट्टी
नवीन पाइप घ्यायच्या आधी एक बिनखर्चाचा उपाय. दरवेळी सील फाटलेलंच असतं असं नाही, कधी कधी ओठाखाली नुसता बारीक रेतीचा कण अडकलेला असतो. आमच्या भंडाऱ्याकडे रेतीच्या ट्रकांमागून गाडी चालवावी लागते, त्यामुळे हे नेहमीचं आहे. जुन्या कॅमेऱ्याची फिल्म असेल तर उत्तम, नसेल तर एक्स-रेची फिल्म. तिची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, एका टोकाला आकड्यासारखी खाच ठेवायची. डस्ट सील वर सरकवायचं, पट्टी पाइप आणि सीलच्या मधून खाली घालायची आणि पाइपभोवती एक पूर्ण फेरी फिरवून ओढायची. अडकलेली माती आकड्यात येते. मग पाइप पुसून पाच-सहा वेळा दाबा. घाणीमुळे गळत असेल तर गळती तिथेच थांबते.

तेलकट_हात
@झाडीपट्टी, उपाय खरा आहे, मीही करतो. पण यांच्या पाइपला खड्डे आहेत. इथे पट्टीने चार दिवस मिळतील, जास्त नाही. ज्यांचा पाइप स्वच्छ आहे त्यांनी मात्र सीलचे पैसे घालवण्याआधी हे जरूर करावं.

बुलेटप्रेमी_भाऊ
पाइप अर्धा फेरा फिरवून बसवला तर? खड्ड्यांची बाजू मागे जाईल. आमच्या गावात करतात असं.

तेलकट_हात
भाऊ, नाही. सील गोल आहे. खड्डा समोर असो की मागे, तो ओठावरून जाणारच. फिरवल्याने ओठाची दुसरी जागा कापली जाईल एवढंच. ही पद्धत सगळीकडे आहे हे मलाही माहीत आहे आणि म्हणूनच जोर देऊन सांगतोय, वेळ घालवू नका.

उद्यमनगर
कोल्हापूरहून लिहितोय. पाइपसाठी तीन मार्ग आहेत आणि तिन्ही मी जवळून बघितलेत.
पहिला, खड्डे भरणं. खड्ड्यातला गंज टोकदार वस्तूने पूर्ण खरवडून काढायचा, थिनरने पुसायचं, अ‍ॅराल्डाइट भरायचं, दुसऱ्या दिवशी १००० आणि मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवायचा, नख अडायचं पूर्ण थांबेपर्यंत. पेपर पाइपच्या लांबीच्या दिशेने घासू नका, उभे चरे पडले की तेल त्यातूनच वर चढतं. आडवा, गोल फिरवा. टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके असतील तर हे बऱ्यापैकी टिकतं.
दुसरा, हार्ड क्रोम. आमच्या उद्यमनगरात आणि शिरोली एमआयडीसीत हे काम होतं, पुण्याकडे भोसरीत होतं. पाइप आधी ग्राइंड करून खड्डे काढतात, त्यावर जाड क्रोम चढवतात, मग पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणतात. जुन्या राजदूत, येझदीचे पाइप मिळत नाहीत त्यांना हाच रस्ता. पण शेवटचं ग्राइंडिंग केलं का, हे विचारा. नुसतं चमकवून दिलं तर माप जाड राहतं आणि सील रडतं.
तिसरा, नवा पाइप. स्प्लेंडरचे पाइप प्रत्येक तालुक्याला मिळतात. तुमच्या गाडीला हार्ड क्रोम करायला देणं म्हणजे वेळ आणि वाहतूक दोन्ही वाया. सरळ नवी जोडी घ्या.

दुचाकीताई
उद्यमनगर यांच्याशी सहमत, फक्त जोडी का? उजवा पाइप चांगला असेल तर एकच घ्यावा. सीलं मात्र दोन्ही बदलावीत, तेलही दोन्हीकडे एकाच वेळी नवं. एका पायात (म्हणजे एका बाजूच्या शॉकअपमध्ये) नवं आणि एका पायात जुनं पातळ तेल असेल तर दोन्ही पाय वेगवेगळं वागतात.
एक तपासणी राहिली. खड्ड्यात आपटून पाइप किंचित वाकला असेल तर नवं सीलही एका बाजूने दाबलं जातं. काढल्यावर पाइप काचेच्या सपाट तुकड्यावर लोळवून बघा. खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर वाकलाय. वर्कशॉपमध्ये व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने बघतात, बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली असते. म्हणजे डोळ्याला सहज दिसण्याइतका वाक असेल तर तो पाइप बादच.

घाटवाटी
एवढं तपशिलात कोणी सांगेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. डावा पाइप नवा घेतो, सीलं आणि डस्ट सीलं दोन्ही बाजूंची. ताई, तुम्ही घरी केलंय असं वाटतंय. क्रम सांगाल का?

दुचाकीताई
सांगते. माझ्याकडे शाइन आहे, रचना जवळपास तीच.
गाडी मेन स्टँडवर, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक, पुढचं चाक अधांतरी आणि गाडी हलवून बघितली तरी डळमळणार नाही अशी. इथे घाई नको.
चाक काढण्याच्या आधी दोन बोल्ट सैल करून घ्या, हाच या कामातला सगळ्यात महत्त्वाचा क्रम आहे. एक, प्रत्येक पायाच्या तळाला खालून दिसणारा अ‍ॅलन बोल्ट. गाडी अख्खी असताना आत स्प्रिंगचा दाब असतो, त्यामुळे आतली सीट पाइप (बोल्ट जिच्यात बसतो ती बारीक नळी) फिरत नाही आणि बोल्ट सुटतो. नंतर सुट्या पायात हाच बोल्ट नुसता गरागरा फिरत बसतो. फक्त सैल करा, काढू नका, नाहीतर तेल अंगावर येईल. दुसरा, वरचा कॅप बोल्ट. वरच्या टीला पिंच बोल्ट असेल तर तो आधी ढिला करा, खालच्या टीचा घट्टच ठेवा, म्हणजे कॅप फिरवताना पाइप धरलेला राहतो.
मग चाक, मडगार्ड, केबल्स. पाय खाली ओढून काढायच्या आधी पाइप टीच्या वर किती आला होता ते मोजून लिहून ठेवा. दोन्ही पाय परत त्याच उंचीवर बसले पाहिजेत.
कॅप पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा. खाली स्प्रिंग दाबलेली असते आणि शेवटच्या आट्याला कॅप उडते. तळहाताने दाबून ठेवून हळूहळू सोडा. स्प्रिंग काढताना दाट वेटोळ्यांचं टोक वर होतं की खाली, याचा फोटो घ्या. तेल ओता, पाइप आठ-दहा वेळा वर-खाली करा, उरलेलं काळं तेलही येईल. आता खालचा अ‍ॅलन बोल्ट काढा. त्याच्यासोबत तांब्याचा वायसर येतो. तो नवा घालायचाच, जुना घातला तर वरून गळती थांबते आणि खालून सुरू होते.
डस्ट सील, त्याखालची तारेची सर्क्लिप, मग पाइप बाहेर. आपल्या छोट्या गाड्यांत बहुतेकदा पाइप सरळ निघतो आणि सील केसातच राहतं. ते टायर लिव्हरने उचकटायचं, पण केसाच्या काठावर जाड फडकं ठेवून. स्क्रूड्रायव्हरने ओरबाडलं तर अ‍ॅल्युमिनियमला चरा पडतो आणि तेल सीलच्या बाहेरच्या बाजूने वाट काढतं.

सांगलीकर_१२५
वाखु (वाचनखूण) साठवली आहे. ताई, बसवायचं कसं तेही लिहा.

दुचाकीताई
लिहितेय, मध्ये कुकरची शिट्टी झाली.
सगळे भाग रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पुसून वाळवा. नव्या सीलला पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. पाइप केसात घाला, खालचा बोल्ट नव्या वायसरसह लावा. पाइपच्या वरच्या तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा आणि तिला नवं तेल चोपडा. पाइपच्या कडेला धार असते, सील त्यावरून तसंच सरकवलं तर नवंकोरं सील तिथेच कापलं जातं. आकडे छापलेली बाजू वर ठेवून सील पिशवीवरून खाली आणा, मग पिशवी काढा.
ठोकायला खास ड्रायव्हर लागत नाही. पाइपवरून सैल जाईल आणि सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल अशा मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळतो. नव्या सीलवर जुनं सील उलटं ठेवा, त्यावर पीव्हीसी, आणि वरून हलके सरळ ठोके. सर्क्लिपची खाच पूर्ण मोकळी दिसली की सील बसलं. सर्क्लिप खाचेत सगळीकडे बसली की नाही, ते बोट फिरवून बघा.
शेवटी चाक लावल्यावर आसाचा नट एकदम आवळू नका. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून शॉकअप काही वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ उभे राहतात, मग नट आवळा. हे सुटलं तर पाय तिरके ताणलेले राहतात आणि सील लवकर जातं.

बुलेटप्रेमी_भाऊ
ताई, साष्टांग नमस्कार. तेल कोणतं? आमच्याकडे सगळे इंजिनाचं २०डब्ल्यू-४० च घालतात आणि गाड्या चालतात.

तेलकट_हात
चालतात, पण नीट नाही. १०० सीसीच्या गाडीला फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या शॉकअपचं तेल, १०डब्ल्यूच्या आसपासचं लागतं. इंजिन ऑइल त्याहून जाड. जाड तेल सीट पाइपच्या बारीक भोकांतून झटकन जाऊ शकत नाही, त्यामुळे लहान लहान खाचांवर पुढची बाजू कडक होते आणि धक्के हँडलमधून मनगटात येतात. शॉकअप फुटलाय असं समजून लोक गाडी घेऊन येतात आणि आतून इंजिन ऑइल निघतं.

गिअरबॉक्स_आजोबा
थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या उमेदीच्या काळात फोर्क ऑइल नावाची बाटली जिल्ह्याच्या गावीही मिळत नसे. आम्ही ट्रान्समिशनचं एटीएफ घालत असू आणि ते योग्यच होतं. होंडाच्या त्या काळातल्या कितीतरी मॅन्युअलमध्ये फोर्कसाठी एटीएफच लिहिलेलं असे. आजही आडगावात अडलात तर एटीएफ घाला, इंजिन ऑइल नको.
आणि तेलाच्या जातीइतकंच माप महत्त्वाचं. "गळतंय ना, मग थोडं जास्त घालू" असं करणारे बघितलेत. पायात तेलाच्या वर हवेची जागा ठेवलेली असते. तेल जास्त झालं की ती जागा आकसते, शॉकअप दाबला की आतला दाब भडकतो आणि पहिला बळी सीलचा जातो.

तेलकट_हात
आजोबा, एटीएफबद्दल शंभर टक्के मान्य. घाटवाटी, माप तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. या वर्गातल्या गाड्यांना एका पायाला साधारण दीडशे ते दोनशे मिली लागतं, पण अंदाजाने ओतू नका. इंजेक्शनची मोठी सिरिंज किंवा लहान बाळाची औषधाची मापाची बाटली वापरा. नुसतं तेल बदलायचं असेल तर माप थोडं कमी असतं, कारण आत थोडं चिकटून राहिलेलं असतं. पूर्ण खोलून धुतलं असेल तर पूर्ण माप.

स्टुटगार्टहून
इकडचा अनुभव. माझ्याकडे जपानी १२५ सीसी गाडी आहे. जर्मनीत दर दोन वर्षांनी दुचाकी तांत्रिक तपासणीला न्यावी लागते, बोलीत सगळे "ट्यूफ" म्हणतात. तपासनीस पहिल्यांदा पुढचा ब्रेक धरून शॉकअप दाबतो आणि पाइपवर बोट फिरवतो. सील गळतं असेल तर गाडी परत पाठवतात, दुरुस्त करून पुन्हा या. सुरुवातीला वाटायचं एवढ्याशा तेलासाठी काय हा आटापिटा. आता कळतं, पुढच्या चाकाचा रस्त्यावरचा पकडच तिथून ठरतो.

नानापेठी
आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, नूतनीकरणाला आरटीओत गाडी दाखवावी लागते. मधल्या काळात बघणारं कोणी नाही. म्हणून स्वतःच बघायला हवं. घाट उतरताना पुढचा शॉकअप एकदम बसला तर वळणावर गाडी नको तिकडे जाते. घाटवाटींनी पहिल्याच पोस्टमध्ये हे लक्षण सांगितलं होतं.

रत्नांग्रीकर
चिपळूणचे आहात म्हणून विचारतो, पाइपला रबरी बूट लावले तर? बजाजच्या सीटी ११० ला कंपनीतूनच येतात.

झाडीपट्टी
आमच्या रेतीत बुटांचा फार उपयोग होतो. लावाच.

तेलकट_हात
कोरड्या मुलखात हो. कोकणात मात्र जपून. बुटाच्या आत दमट हवा आणि पाणी साचून राहतं, खारं वारं असेल तर आणखी वाईट, आणि गंज चढतोय हे झाकल्यामुळे दिसतही नाही. लावायचेच तर पावसाळ्यात अधूनमधून वर सरकवून पाइप पुसा. नाहीतर उघडा पाइप आणि आठवड्याला एकदा तेलाचा हलका हात, हे कोकणासाठी जास्त भरवशाचं. खडी अडवायला मडगार्डचा खालचा फ्लॅप लांब लावा.

रत्नांग्रीकर
आणि वॉशिंग सेंटरवाले? ते प्रेशरचं पाणी थेट डस्ट सीलवर मारतात.

तेलकट_हात
त्यांना सांगायचं, तिथे फवारा दुरून. ते ऐकतात.

गिअरबॉक्स_आजोबा
अवांतर: शॉकअपचा विषय निघालाय तर एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. आपल्या गाड्यांचे शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आपल्याच मातीत आहेत. एंड्युरन्स वाळूजला, गॅब्रिएल नाशिक आणि चाकणला. बजाज १९८५ मध्ये वाळूजला आली आणि तिच्यामागे सुट्या भागांचं अख्खं गाव उभं राहिलं. तिथल्या आयटीआयच्या कितीतरी पोरांनी पहिला पगार शॉकअपच्या लाइनवर घेतला. त्यांचे हात या कामात किती तरबेज झालेत ते मी पाहिलंय.

उद्यमनगर
आजोबा, क्या बात है. आणि आरएक्स १०० वाले अजून त्या पाइपांची देवघरातल्या समईसारखी निगा राखतात. दर महिन्याला पाइप घेऊन एक तरी आमच्या दारात उभा असतो.

सांगलीकर_१२५
आरएक्स १०० निघाली, आता धागा शंभरी गाठणार.

घाटवाटी
धाग्यावर परत येतो. डावा पाइप नवा आणला, सीलांचा किट आणला, तांब्याचे वायसरही. रविवारी काम काढलंय. उजव्या बाजूचा खालचा अ‍ॅलन बोल्ट चाक काढण्याआधी व्यवस्थित सैल झाला, डावा मात्र झाला नाही, तो बोल्टच आत फिरतोय. आता पाय काढून हातात आहे, स्प्रिंग अजून आत आहे. काय करू?

दुचाकीताई
स्प्रिंग आत आहे ना, मग बरं. पाय उलटा करून पाइपचं तोंड लाकडाच्या फळीवर टेकवा, दुसऱ्या माणसाला केस जोरात खाली दाबायला सांगा आणि त्याच वेळी अ‍ॅलन कीला झटका द्या. हळू जोर लावून होत नाही, एकदम झटका.

तेलकट_हात
त्याने नाही झालं तर स्प्रिंग काढा आणि झाडूचा लाकडी दांडा घ्या. त्याचं टोक तासून निमुळतं करा, वरून पाइपमध्ये घालून सीट पाइपच्या तोंडात ठोकून घट्ट बसवा. एकाने दांडा धरायचा, दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. जवळ हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन असलेला टायरवाला असेल तर त्याच्याकडे न्या, दोन सेकंदांचं काम. आधी अ‍ॅलनच्या खाचेतली माती सुईने साफ करा, की पूर्ण आत बसली नाही तर खाच गोल होते.

घाटवाटी
दांड्याने सुटला! शेजारचा पुतण्या मदतीला होता, त्याला तर हे सगळं जादूसारखं वाटलं. डाव्या पायातून निघालेलं तेल राखाडी, पाण्यासारखं पातळ आणि मापाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. जुन्या सीलचा ओठ बघितला, समोरच्या बाजूला बारीक उभा काप आहे, बरोबर खड्ड्यांच्या रेषेत. फोटो काढून ठेवलाय, गॅरेजवाल्यांना दाखवणार आहे. भांडायला नाही, पुढच्या गिऱ्हाइकाचा पाइप ते नखाने बघतील म्हणून.
सगळं बसवून संध्याकाळी घाटात फिरवून आणली. ब्रेक दाबल्यावर पुढची बाजू आता सावकाश, एकसारखी बसते. उजवा पाइप जुनाच ठेवलाय.

तेलकट_हात
छान. पहिल्या काही दिवसांत पाइपवर पातळ झिलई दिसेल, सील बसवताना लावलेलं तेल असतं ते. पुसून टाका. आठवड्यानंतरही कडं उमटत असेल तरच सांगा. टीचे बोल्ट आणि आसाचा नट एकदा पुन्हा आवळून बघा. उजव्या पाइपवरही महिन्यातून एकदा नख फिरवा.

नाशिकचा_पक्या
उशिरा आलोय. माझी पल्सर १५०, पुढे डिस्क. गळती डिस्कच्या बाजूलाच आहे आणि कॅलिपरपर्यंत तेल पोचलंय. ब्रेक दाबला की आधीसारखा धरत नाही. पॅड पेट्रोलने धुवून चालतील का?

तेलकट_हात
नाही. पॅडचं साहित्य सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं. धुवून, घासून, गॅसवर तापवून काही होत नाही, गरम झालं की तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. आधी सील, मग नवे पॅड, आणि डिस्क ही ब्रेक क्लीनरने किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायची, फडकं दर वेळी नवं. काम होईपर्यंत गाडी चालवू नका, निदान गर्दीत तरी अजिबात नको.
कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीने फ्रेमला बांधा. पॅडांच्या मध्ये लाकडाची पट्टी ठेवा, म्हणजे चुकून कोणी ब्रेकचा लिव्हर दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाही.

नाशिकचा_पक्या
समजलं. उद्या बसने जातो आणि येताना पॅड, सील, वायसर घेऊन येतो. आधी नख फिरवून बघितलं, पाइप दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आहे.

झाडीपट्टी
मग पक्याभाऊ, खोलायच्या आधी एकदा फिल्मची पट्टी फिरवून बघा. गळती थांबली तर सीलचा खर्च आणि मेहनत वाचेल. पॅड मात्र बदलायचेच.